तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी कधी सोडणार?

वाचनालयातला कार्यक्रम असो, शाळेतलं विज्ञान प्रदर्शन असो, नाहीतर दापोली स्टँडवर गाडीची वाट बघताना गाठ पडलेला कुणी ओळखीचा असो, विज्ञानकथा लिहिणाऱ्या माझ्यासारख्या विजेच्या सबस्टेशनच्या ऑपरेटरला लोक एकच विचारतात. नोकरी कधी सोडणार? पूर्णवेळ लेखक का होत नाही? काही जण तर पुण्यात फ्लॅट बघा म्हणूनही सुचवतात. माडपोफळीत बसून अंतराळाबद्दल लिहिणं त्यांना जरा संशयास्पद वाटतं.

पैशांचं उत्तर एका ओळीत संपतं. गेल्या वर्षीच्या रॉयल्टीतून माझं घरचं लाइटबिलही सुटलं नसतं. पण प्रकाशक उद्या भरभरून द्यायला लागला तरी मी सोडेन असं नाही, आणि ते का, हे सांगायला मला चीनमधल्या एका विज्ञानकथा लेखकाचा आधार घ्यावा लागतो.

लिऊ त्सिशिन. 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर त्याच्या कादंबरीवरची मालिका आली तेव्हापासून हे नाव आपल्याकडेही थोडं फिरलंय. मी त्याच्याबद्दल एकेरीतच बोलतो, राग मानू नका. वीजवाला म्हणजे आमच्या भावकीतलाच. त्याच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ला 2015 चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. आशियातल्या लेखकाच्या कादंबरीला तो पहिल्यांदाच मिळत होता. विजेत्याचं नाव जाहीर केलं ते थेट अंतराळ स्थानकातून, तिथल्या एका अंतराळवीराने. समारंभाला लिऊ नव्हताच, पुरस्कार घेतला इंग्रजी अनुवादक केन लिऊ याने. आणि हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो माणूस उमेदीची वर्षं शान्शी प्रांतातल्या डोंगरात, न्यांगत्सग्वानच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात संगणक अभियंता होता.

जन्म 1963 चा. घर कोळशाच्या खाणींच्या गावात. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या मारामाऱ्या सुरू झाल्यावर आईबापांनी पोराला हेनान प्रांतातल्या मूळ गावी धाडून दिलं. तिथे 1970 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, गावकऱ्यांबरोबर तळ्याकाठी उभं राहून त्याने चीनचा पहिला उपग्रह आकाशातून सरकताना पाहिला. बरोबरच्या बहुतेक पोरांच्या पायात चपला नाहीत, पोटात पुरेसं अन्न नाही, आणि वर आपला तारा. हे त्यानेच लिहून ठेवलंय. आमच्या वाट्याला उपग्रह आला तो उलट्या दिशेचा. 1979 मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळ स्थानक पडणार म्हणून गावात एवढी घबराट, की मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणत आमच्या वाडीत दिवसाढवळ्या कोंबडी कापली गेली. त्या आठवड्यात आम्ही पोरं इतकी मजेत होतो की स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडलं हे ऐकून वाईटच वाटलं.

1975 च्या ऑगस्टमध्ये त्याच हेनानमध्ये पावसाने बानच्याओ धरण फुटलं, पाठोपाठ आणखी डझनावारी. माणसं किती गेली याचे आकडे हजारांपासून लाखांपर्यंत सांगतात. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं तेव्हा चिपळूण तालुक्यात काय झालं ते आपण पाहिलंय. माणसाने हिशेब मांडून बांधलेली गोष्ट एका रात्रीत जाते, हे लिऊच्या पानापानात आहे. ते नुसतं वाचून आलेलं नसावं, असं मला वाटतं.

पहिली कथा छापून आली 1999 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्याआधी गडी संगणकाकडून कविता लिहवून घेणारा प्रोग्रॅम बनवत बसला होता! (त्या कविता कशा होत्या विचारू नका, कवींना उगाच आशा वाटायची.) 'थ्री-बॉडी' 2006 मध्ये मासिकात क्रमशः आली, 2008 मध्ये पुस्तक झालं. नोकरी चालूच. ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या संगणकावर लिहायचो, हे त्याने पुढे हसत कबूल केलंय. माझे साहेब हे वाचत नसतील अशी आशा आहे.

इथे कुणीतरी नारळीकरांचं नाव काढतंच, आणि काढायलाच हवं. 1974 मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पण ते विश्वशास्त्रज्ञ. त्यांची कथा संशोधनातून खाली उतरत येते. लिऊची कथा कंट्रोल रूममधून वर चढते, आणि मला तोच जिना माहितीचा आहे.

त्या कादंबरीत डोंगरावर एक गुप्त लष्करी तळ आहे, भलामोठा अँटेना आहे, आणि ये वेनजिए नावाची बाई तिथे ड्यूटी करते. तिने अवकाशात संदेश पाठवून आठ वर्षं होऊन गेली आहेत. एका रात्री तिची रात्रपाळी असते. खोलीत एकटी. समोरच्या पडद्यावरची रेघ रोजच्यासारखी दिसत नाही. पुढचं सांगत नाही, वाचा. पण तेवढं पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बायकोला म्हणालो, हा माणूस रात्रपाळीला बसलेला आहे.

कारण आमचंही तेच असतं. 33/11 केव्हीचं, म्हणजे 33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर उतरवणारं सबस्टेशन, यार्डात ट्रान्सफॉर्मरची घरघर, दर तासाला लॉगशीटवर रीडिंग. खोलीबाहेरचं काही दिसत नाही. पण रात्री किनाऱ्याकडच्या फीडरचा, म्हणजे तिकडे वीज नेणाऱ्या लाइनचा, लोड चढायला लागला की कळतं, बर्फाच्या फॅक्टऱ्यांनी जोर धरलाय, म्हणजे हर्णै बंदराला मासळीच्या बोटी भरून लागल्यात. पहाटे नळपाण्याचे पंप कळतात. गणपतीत मुंबई गावात उतरली की विजेचा प्रवाह मोजणारा अँमीटर मनीऑर्डरच्या काळापासूनची सगळी नाती मोजून दाखवतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा तोच काटा आळसावतो. न दिसणारी माणसं काट्यावरून ओळखायची, हा माझा आठ तासांचा धंदा आहे. विज्ञानकथेत मी याहून वेगळं काही करत नाही, फक्त काट्याच्या पलीकडची माणसं जरा लांबची असतात.

माझी कादंबरीही अशीच आली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडचे खांब काडीसारखे मोडले. आम्ही दिवसा लाइनवर राबत होतो आणि रात्री मी त्या खोलीत बसायचो. सगळ्या फीडरचे काटे शून्यावर. लॉगशीटवर तासातासाला शून्य लिहिताना वाटलं, बाहेर अजून कुणी आहे हे आता मला कशावरून कळणार? पहिलं प्रकरण तिथूनच निघालं. नोकरी सोडून पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसलो असतो तर हे वाक्य मला कुणी आणून दिलं असतं?

लिऊचं वीजकेंद्र पुढे प्रदूषणाच्या कारणावरून बंद झालं, त्याला सोडण्याचा निर्णय घ्यावा लागला नाही. मलाही लागणार नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीच मला सोडेल. दर तासाला उठून काटा बघायची खोड तेव्हा जाईल, असं मी म्हणतो. बायको म्हणते, तुम्ही फ्रिजचा बघाल.