शितं

आषाढी करून पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी शेवटचा मुक्काम खामगावला करते आणि दुसऱ्या दिवशी शेगावला पोचते. ही सतराएक किलोमीटरची वाट चालायला सारा वऱ्हाड लोटतो. आमच्या घरून दरवर्षी बाबा, म्हणजे माझे सासरे, जायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. तेव्हापासून ते खाटेवर आणि मी त्यांच्यापाशी. औंदा जाऊबाई म्हणाल्या, "जा तू. एक दिवस मी पाहते त्यांचं."

महाराजांपाशी काय मागायचं ते माझं ठरलेलं होतं. भरवताना चमच्यातलं अर्धं बाबांच्या उशीवर सांडतं. ते पुसताना माझ्या मनात काय काय येतं ते लिहवत नाही. त्यातून मला सुटायचं होतं.

पहाटे अंधारातच निघालो. झिमझिम सुरू होती. दोन्ही बाजूंच्या वावरात पऱ्हाटी गुडघ्याला लागलेली, धुऱ्यांवर पाणी साचलेलं. माणसं इतकी, की पालखी कुठे पुढे गेली कळेना. छत्र्यांच्या वरून पताकांची टोकं तेवढी दिसत होती आणि "गण गण गणात बोते" लाटेसारखं मागे येत होतं.

एका फाट्यावर गावकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मसालेभाताचे गंज मांडले होते. "घ्या माउली, घ्या," म्हणत ते प्रत्येकाच्या हातावर द्रोण ठेवत होते. मी उभ्या उभ्या खाल्लं, थोडा भात उरला, तो द्रोणासकट धुऱ्याकडे टाकला. सगळेच टाकत होते.

तिथे एक म्हातारी वाकलेली दिसली. नऊवारी वर खोचलेली, एका हाताला युरियाचं रिकामं पोतं, समोर घमेलं. एकेक द्रोण उचलायची, अंगठा आतून फिरवायची, शितं घमेल्यात, द्रोण पोत्यात. घडीत एखादं शीत अडकलं, तर तेही नखाने काढायची. अंगठ्याला भेगा, भेगांत काळी माती बसलेली. मी टाकलेला द्रोणही तिने तसाच निपटला. मला कसंतरीच झालं. मी खाली बसले.

"ढोराले होते वं माय," ती म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं तरी. मग द्रोण उचलता उचलताच, "आन महाराज तरी कुठं दिसले पह्यल्यांदा? पत्रावळीपाशीच ना."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेली. 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली, बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खात बसलेले महाराज बंकटलालांना दिसले. प्रकटदिनाला दरवर्षी ऐकते. पण तिथे कुणीतरी खरंच ओलं, थंड शीत बोटाने उचललं होतं, हे मला त्या चिखलात बसल्यावर कळलं. माझ्या बोटाला ते चिकटलं तेव्हा.

किती वेळ आम्ही दोघी द्रोण निपटत होतो, सांगता येत नाही. माणसं चालत होती, टाळ वाजत होते, पदर भिजून पाठीला चिकटला होता. मनात एक शब्द नव्हता. दोन वर्षांत अशी घडी आली नव्हती. घमेलं भरलं तेव्हा बाई उठली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, "चाल आता, पालखी लांब जाईन." मी तिचं नावही विचारलं नाही.

शेगावात गर्दीत लांबूनच कळस दिसला. हात जोडले. मागायचं होतं ते राहून गेलं.

रात्री घरी पोचले. फाट्यावरचा मूठभर भात डब्यात आणला होता. तो पाहून बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि दोन्ही छातीशी जुळवले. मी भरवलं. चार शितं उशीवर सांडली. मी ती एकेक करून वेचली आणि तोंडात टाकली.