मे महिन्यातलं चिकलठाणा आणि डोंगरात पडणारी छोटी विमानं

डोंगरात छोटं विमान पडल्याची बातमी आली की पहिला अंदाज ठरलेला: इंजिन बंद पडलं असणार. बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं. विमान चढतही असतं, पण समोरची जमीन त्याच्यापेक्षा लवकर चढते.

हे समजायला हिमालय लागत नाही. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. या उंचीवर विमानाच्या हिशेबात धरलं जाणारं प्रमाण तापमान ११ अंश. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर गेला की फरक पडला ३१ अंशांचा. हवा तापली की विरळ होते, जणू विमान आणखी उंचावर आहे; अंशामागे १२० फूट धरा, झाले ३,७०० फूट. म्हणजे विमान उभं आहे चिकलठाण्यात, पण पंखांना आणि इंजिनाला मिळणारी हवा ५,६०० फुटांवरची. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के घटते. समुद्रसपाटीला मिनिटाला ७०० फूट चढणारं चार आसनी विमान भरल्या वजनानं इथं साडेचारशेच्या आसपास आलं तरी पुष्कळ.

आता हेच विमान चाळीसगावकडून कन्नड घाटावर येतंय असं धरा. वारा दक्षिणेचा असेल तर पठारावरची हवा कड्यावरून खाली कोसळते. ती मिनिटाला ६०० फूट खाली दाबत असेल, तर पूर्ण थ्रॉटल देऊनही विमान खालीच जाणार. समोर कडा दिसतो, हात आपोआप नाक वर ओढतो, वेग पडतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते आणि ते कोसळतं. खरा घात इथं होतो. म्हणून कडा ४५ अंशांत, तिरका गाठायचा, म्हणजे थोडं वळलं की सुटका. माथ्यापासून विमान किमान १,००० फूट वर असायला हवं, वारा २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किमी) वर असेल तर २,०००.

दरीत मधोमध उडू नये, एका कडेनं उडावं, वळायला पूर्ण रुंदी मिळते. हवेतला खरा वेग ९० नॉट आणि विमानाचा बाजूला कल ३० अंश असेल तर उलट वळायला साधारण ७६० मीटर रुंदी लागते. ६५ नॉटला ४०० मीटरमध्ये भागतं. आधी वेग कमी, मग वळण. घाबरून ६० अंश कलवलं तर ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ७० लाच होतं.

ढगात तर यातलं काहीच दिसत नाही. २९ मे २०२२ रोजी नेपाळमध्ये पोखराहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर हे छोटं प्रवासी विमान डोंगरावर आदळलं, २२ जण गेले. ते ढगात शिरलं होतं आणि जमिनीचा इशारा देणारी यंत्रणा बंद होती, असं तपासात निघालं. श्रावणात अजिंठ्याच्या रांगेवर ढग टेकलेले दिसले, तर मागे फिरायचा निर्णय पायथ्याशीच, दरी रुंद आहे तोवर घ्यायचा.