बढाई आणि फळ्यावरची चार वाक्यं

गोव्यातल्या तुरुंगात शिकवायला येणारा नवा शिक्षक पहिल्याच आठवड्यात एका गोष्टीपाशी अडतो. बाराखडी अर्ध्यावर आली की कुणीतरी मध्येच सुरू होतो, "मास्तर, हांव कोण तें तुमकां खबर ना." मग मांडवीतल्या कॅसिनोत एका रात्रीत जिंकलेले बावीस लाख येतात, सावर्ड्याला पळणारे खाणीचे वीस टिपर ट्रक येतात, आपल्याला बघून रस्ता बदलणारे पीएसआय येतात. ज्यांनी २०१५ पूर्वीची आग्वाद, म्हणजे जुना मध्यवर्ती तुरुंग, पाहिली आहे, त्यांची कोलवाळच्या नव्या तुरुंगातल्या पोरांसमोर आणखी वेगळी ऐट असते. वर्ग कान देऊन ऐकतो आणि दीड तासातला अर्धा तास निघून जातो. गप्प बसवलं तर तो माणूस रुसतो. ऐकत राहिलं तर बाकीच्यांचा धडा बुडतो.

अशा वेळी तो काय सांगतोय याच्या आधी तो कधी बोलायला लागला ते बघावं. ओळीने वाचायला लावलं असेल, तर बढाई बहुतेक वेळा बोलणाऱ्याची पाळी दोन माणसांवर आली की सुरू होते. त्याला वाचता येत नाही, आणि बराकीतल्या दहा जणांसमोर ते उघडं पडणं त्याला परवडणारं नाही. दिवसभर त्यांच्यातच राहायचं असतं. म्हणून ओळीने वाचन घेऊच नये. आधी सगळ्यांनी मिळून मोठ्याने, मग जोडीजोडीने, आणि शेवटी एकेकाला एकच शब्द, तोही त्याला येतो हे आपल्याला माहीत असलेला. एवढा बदल केला तरी बढायांचं प्रमाण बरंच उतरतं.

न येणं लपवायच्या तऱ्हा ओळखीच्या होतात. "चष्मा बराकीत राहिला" ही त्यातली नेहमीची. पण ती थाप आहे असं धरून चालू नये. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला खरोखरच जवळचं दिसत नसतं. कागद हातभर लांब धरल्यावर अक्षरं ओळखू लागला तर तुरुंगाच्या डॉक्टरकडे नाव द्यावं. दुसरी तऱ्हा म्हणजे सुंदर अक्षरात फळा उतरवून काढणं. तो अक्षरं काढतो, वाचत नाही. त्याने उतरवलेलेच शब्द वेगळ्या क्रमाने लिहून समोर ठेवले की लगेच कळतं.

गोव्यात यात आणखी एक गुंता आहे. सासष्टीतला किंवा बार्देशातला एखादा माणूस देवनागरीसमोर अडखळतो म्हणून निरक्षर ठरवला जातो, आणि तोच माणूस रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतली प्रार्थना घडाघडा वाचतो. त्याच्या बढाईमागे वेगळीच चीड असते, आणि ती रास्त आहे. त्याला पहिले पंधरा दिवस रोमीतच लिहू द्यावं आणि शेजारी देवनागरी ठेवावी. कन्नड, हिंदी, नेपाळी बोलणारेही त्याच वर्गात असतात. ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं, तरी तुरुंगातली गर्दी राज्याच्या हद्दी पाळत नाही.

आता प्रत्यक्ष बढाईचं काय करायचं ते. दोन मिनिटं बोलू द्यावं, मध्ये तोडू नये. "खरंच?" विचारू नये आणि "वा!" म्हणू नये. दोन्हींनी गोष्ट वाढतेच. मग एक प्रश्न विचारावा, पराक्रमाबद्दल नाही, त्यातल्या वस्तूबद्दल. टिपर किती टनी? दिवसाला खेपा किती? रापणीचं जाळं ओढायला माणसं किती लागतात? ट्रॉलरवर बर्फ किती घेता? वस्तूवर आला की आवाज खाली येतो, कारण आता त्याला आठवावं लागतं. त्यातली चार वाक्यं त्यालाच निवडायला सांगावीत आणि त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावीत. कोंकणी असेल तर कोंकणीच ठेवावी, मराठीत 'सुधारू' नये. वाक्य पाच शब्दांच्या आत, आणि वाक्यं चारच. पाचवं आलं की नवशिक्याची नजर ओळीवरून घसरते.

वीस टिपरांच्या मालकाचा फळा असा तयार होतो:

टिपर धा टनांचो.
दिसाक आठ खेपो.
रस्तो तांबडो.
धुळीन दोळे भरताले.

चौथी ओळ, धुळीने डोळे भरायचे, नीट वाचावी. मालकाला ती सुचत नाही. खाणीच्या रस्त्यावर काच खाली करून बसलेल्या ड्रायव्हरला किंवा क्लीनरला सुचते. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर अशा कितीतरी जणांचं काम गेलं. त्याचे वीस टिपर खोटे असतील, पण एका टिपरवरचा त्याचा घाम खरा आहे, आणि वाचायला शिकवायचं ते त्यावरच. हे ओळखल्याचं मात्र तोंडावर दाखवायचं नाही.

ही चार वाक्यं तीनदा सगळ्यांनी वाचायची, मग कागदाच्या पट्ट्यांवर उतरवून पट्ट्या पिसायच्या आणि त्यालाच क्रम लावायला द्यायच्या. दुसऱ्या दिवशी पट्टीचे शब्द सुटे करायचे. चार वाक्यांत मिळून दहा-अकरा शब्द होतात, त्यातले पाच पक्के झाले तरी तो दिवस चांगला. 'धा'वरून धान, धागो, 'रस्तो'वरून रस, रवो असे नवे शब्द काढता येतात. जोडाक्षर आलं तर घाबरू नये. 'रस्तो' त्याने रोज उच्चारलेला शब्द आहे, त्यातला अर्धा 'स' त्याला पुस्तकातल्या कुठल्याही शब्दापेक्षा लवकर बसतो.

कागदावर काय येऊ द्यायचं नाही, हे यापेक्षा महत्त्वाचं आहे. वर्गातले बरेच जण कच्चे कैदी असतात, खटला चालू असतो. गुन्हा, जागा, तारीख, साथीदाराचं नाव यातलं काहीही फळ्यावर किंवा वहीत नको. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, पण शिक्षकासमोर फुशारकीत बोललेलं वाक्य न्यायालयाबाहेरची कबुली म्हणून पुढे आणलं जाऊ शकतं. असा पुरावा कमकुवत मानतात, तरी शिक्षकाला साक्षीला उभं राहावं लागू शकतं. म्हणून गोष्ट त्या दिशेला वळली की सरळ सांगावं, "केसचं वकिलाशी बोला, इथे नको." हे पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला सांगून ठेवावं, म्हणजे एखाद्याला हटकल्यासारखं होत नाही.

बढाईतले आकडे गणिताला फार उपयोगी. उल्लास या केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेच्या परीक्षेत वाचन, लेखन आणि अंकज्ञान प्रत्येकी ५० गुणांना असतं, आणि अंकज्ञानात लाख-हजारांची स्थानं हमखास अडतात. कॅसिनोतले बावीस लाख पाचशेच्या नोटांत मोजले तर ४,४०० नोटा, शंभराच्या ४४ गड्ड्या. एक नोट एका ग्रॅमहून थोडी जास्त, म्हणजे साडेचार किलोच्या वर वजन. सगळा वर्ग यात रंगतो. इथे एकच चूक नेहमी होते. शिक्षक शेवटी विचारतो, "मग खिशात कसे नेले?" वर्ग हसतो, आणि तो माणूस दोन आठवडे वर्गाला येत नाही, कधी परततच नाही. गणित वर्गाला द्यावं, नाव दुसऱ्याचं घालावं, आणि उत्तर आलं की तिथेच थांबावं.

केसेसची बढाई मात्र तिथेच सोडून देता येत नाही. बराकीत कलम हीच माणसाची ओळख असते. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागली, जुन्या केसेस भारतीय दंड संहितेच्याच राहिल्या. त्यामुळे खुनाच्या आरोपात एक जण ३०२चा असतो आणि शेजारचा त्याच आरोपासाठी १०३चा. "माझ्यावर अकरा केसेस आहेत" हे ऐटीत सांगितलं जातं. पण फौजदारी प्रक्रियेच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९प्रमाणे फाशी किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळू शकतो, आणि पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळानंतरच. कमाल तीन वर्षं असतील तर ३६ महिने, निम्मे १८, तृतीयांश १२. हा हिशेब प्रत्येकाला स्वतःचा करता यायला हवा. एकाहून जास्त केसेस चालू असतील तर मात्र ही सवलत मिळत नाही. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या अर्जात कुणी ऐटीत अकरा लिहिलं, आणि खरी केस एकच असली, तर त्याचंच नुकसान. अर्ज भरण्याचा धडा घेताना वॉरंटवरचा आकडा समोर ठेवूनच तो रकाना भरून घ्यावा, आणि इतरांपासून बाजूला बसवून.

बढाईचा एक प्रकार वेगळा ओळखायचा. "बाहेर माझी माणसं आहेत, मास्तर, तुमचं कसलंही काम सांगा." आधी तुमचं कौतुक, मग ही ऑफर, मग आठवड्याभराने घरी द्यायची एक साधी चिठ्ठी. तुरुंग कायदा १८९४च्या कलम ४२खाली वस्तू किंवा निरोप आतबाहेर करणं गुन्हा आहे, शिक्षकालाही सूट नाही. "निरोप वेल्फेअर ऑफिसरकडे द्या" एवढंच उत्तर, दरवेळी त्याच शब्दांत.

आणि रोज बोलणारा एखादा तारखेवरून आल्यावर एकाएकी गप्प झाला, पेन्सिल-वही दुसऱ्याला देऊन टाकू लागला, "आता काय शिकायचं" म्हणाला, तर त्याच दिवशी जेलर आणि डॉक्टरला सांगावं. दुसऱ्या दिवसावर टाकू नये. गोष्टी वाढवत नेणाऱ्या माणसाची एवढी काळजी वाटत नाही, त्या थांबवणाऱ्याची वाटते.

सामानाचं थोडक्यात: वह्या शिवलेल्या, तारेच्या नाहीत. पेन्सिली बाहेरून टोक करून न्याव्या, शार्पनरचं पातं आत नको. जाताना मोजून, येताना मोजून, आकडा रजिस्टरात. चार वाक्यांची पानं एका फायलीत ठेवावीत, वर नावाऐवजी फक्त क्रमांक. सुटकेच्या आधी त्याने मागितली तर अधिकाऱ्याला दाखवून द्यावीत. बहुतेक जण मागतात.