क्वार्टरबॅकच्या बापाचा पहिला सीझन

मुलाला दहावीत शाळेच्या ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या संघात क्वार्टरबॅक म्हणून घेतलं, तेव्हा बायकोने विचारलं, "डोक्याला लागणार नाही ना?" आणि मी विचारलं, "म्हणजे कॅप्टन का?" दोन्ही प्रश्नांना त्याच्याकडे धड उत्तर नव्हतं. आम्ही ओहायोत, कोलंबसच्या एका उपनगरात राहतो. ऑगस्ट लागला की इथे सगळीकडे फुटबॉलचं वारं सुटतं. फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा, हाताने खेळायचा. सांगलीत टेनिस बॉलवर वाढलेल्या मला तो इतकी वर्षं टीव्हीवरची धक्काबुक्की म्हणूनच माहीत होता.

आधी डॉक्टरची तपासणी, मग कन्कशनचं, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचं माहितीपत्रक वाचून केलेली सही (बायकोने ते दोनदा वाचलं), मग हेल्मेटचं माप. हे सगळं एका आठवड्यात उरकलं. खरा अभ्यास त्यानंतर सुरू झाला, आणि तो सगळा एकाच गोष्टीचा होता: चेंडू हातचा जाऊ द्यायचा नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की क्वार्टरबॅकचं काम लांब पास फेकायचं. पण जवळजवळ प्रत्येक डावपेचात चेंडू आधी त्याच्याच हातात येतो. पुढे अडीच-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी अंगावर आलेले असतात. चेंडू गमावण्याचे मार्ग दोन. पास समोरच्या संघाने झेलला तर इंटरसेप्शन, हातातून निसटला किंवा कुणी उडवला तर फंबल, आणि तो समोरच्यांनी उचलला की चेंडू गेला. दोन्ही वेळा चेंडू जिथे गेला, साधारण तिथूनच प्रतिस्पर्ध्याची चढाई सुरू. त्यात चेंडूचा आकार असा की जमिनीवर पडला की कुठल्या दिशेला उसळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट. आमच्यापासून दीडेक तासावर एडा नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या विल्सनच्या कारखान्यात १९५५ पासून एनएफएलचे, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगचे चेंडू तयार होतात. त्यामुळे या भागातल्या लोकांना चेंडूबद्दल बोलायला भारी आवडतं. आमचे शेजारी तर चामडं ओलं झाल्यावर पकड कशी बदलते यावर अर्धा तास सहज काढतात.

सामने मी स्टँडमधून फारसे पाहिलेच नाहीत. ज्युनिअर व्हर्सिटीच्या सामन्यांना साखळी धरायला पालक लागतात. दहा यार्डांची साखळी, तिच्या दोन टोकांना दोन उंच काठ्या, आणि कितवा डाउन आहे हे दाखवणारा तिसरा खांब. डाउन म्हणजे एक प्रयत्न; चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. शनिवारी सकाळी लवकर पोचणारा मी, त्यामुळे एक काठी माझ्या हाती आली ती सीझन संपेपर्यंत राहिली. पंचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: खेळाडू अंगावर आले तर काठी टाकून मागे व्हायचं, आणि साखळीवाल्याने कोणत्याही संघासाठी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही. आपला पोरगा दहा पावलांवर आपटला तरी चेहरा ढिम्म ठेवायचा. हे मला ऑफिसातल्या मीटिंगांमुळे जमलं असावं.

पण तिथून जे दिसतं ते टीव्हीवर कधीच दिसत नाही. सुरुवातीच्या सामन्यांत त्याचा चेंडू वारंवार सुटायचा, आणि दर वेळी तसाच. मागे सरकताना दोन्ही हात चेंडूवर असायचे. कुणी अंगावर आला आणि जागा सोडायची वेळ आली, की डावा हात आपोआप सुटायचा, तोल सावरायला बाहेर जायचा. चेंडू एकट्या उजव्या हातात, कंबरेपाशी, शरीरापासून लांब. मागून येणारा टॅकल करायच्या भानगडीत पडायचाच नाही, नुसता मनगटावर फटका मारायचा.

यावरचा उपाय कंटाळवाणा होता आणि म्हणूनच लागू पडला. क्वार्टरबॅकचे कोच सरावाला लांब दांड्याचे झाडू आणायचे. मुलगा पाच पावलं मागे जाऊन पुढे सरकत असताना दोन पोरं त्या झाडूंनी त्याच्या हातांवर, कोपरांवर, चेंडूवर फटके मारत राहायची, आणि त्याने नजर खाली न घेता लांबच्या रिसीव्हरचं, म्हणजे पास झेलणाऱ्याचं नाव ओरडायचं. दुसरा सराव पाण्याच्या बादलीचा: चेंडू बुचकळायचा आणि ओल्याच चेंडूने स्नॅप घ्यायचे, म्हणजे पुढे वाकलेला सेंटर पायांमधून मागे देतो तो चेंडू घ्यायचा. आणि पळायची वेळ आली तर चेंडू पाच ठिकाणी टेकलेला हवा: टोकावर बोटं, मग तळवा, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, दंड आणि बरगड्या. एनएफएलमधला जायंट्सचा टिकी बार्बर हा पळणारा खेळाडू फंबलसाठी बदनाम होता. २००४ मध्ये टॉम कॉफलिन प्रशिक्षक म्हणून आल्यावर बार्बरने चेंडू छातीशी उंच धरायला सुरुवात केली आणि त्याचं फंबल करणं एकदम कमी झालं. कोच हे उदाहरण इतक्यांदा द्यायचे की धाकट्या लेकीलाही पाठ झालं.

तिचं तर फावलंच. कोचनी सांगितलं होतं, चेंडू घरीही जवळ ठेवायचा आणि घरच्यांनी तो कधीही उडवायचा प्रयत्न करायचा. जिन्यात, फ्रिजसमोर, गृहपाठाच्या टेबलावर ती दबा धरून असायची. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर माझी आई म्हणाली, "अरे, जेवताना तरी तो नारळ खाली ठेव." तो ठेवणार तेवढ्यात बहिणीने उडवलाच. आमटीचं पातेलं थोडक्यात वाचलं.

फंबल ही शरीराची सवय, ती अशी घोटून घोटून मोडते. इंटरसेप्शनचं दुखणं वेगळं. तिथे दंडात जोर असणं हीच अडचण ठरते, कारण जोर असलेल्याला वाटतं, घुसवू आपण. कोच त्याला दर सोमवारी व्हिडिओ दाखवायचे. स्नॅपच्या आधी समोरच्या संघाचे सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, किती उभे आहेत, एक की दोन? स्नॅप होताच त्यातला एक कुठे सरकला? शाळेच्या पातळीवरही पोरं फसवतात. दोघे मागे उभे राहतात आणि चेंडू हलला की एक पुढे धावतो. आमचे चिरंजीव ज्याला पास द्यायचा ठरवायचे त्याच्याकडेच टक लावून बघायचे, म्हणजे समोरच्या संघाला आमंत्रणपत्रिकाच. आणि मधोमध, उशिरा फेकलेला पास तर हमखास गेलाच.

मी रात्री वाचत बसायचो. १९९८ मध्ये क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग इंडियानापोलिस कोल्ट्सकडून पहिल्या वर्षी खेळला तेव्हा त्याने २८ इंटरसेप्शन दिले. नवख्यांमधला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. संघ १६ पैकी तीनच सामने जिंकला, आणि पुढच्याच वर्षी तेरा. दुसरा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, त्याला अनुभवी ब्रेट फाव्रच्या मागे तीन वर्षं बाकावर बसून शिकता आलं. शाळेत ती चैन नसते, अकरावीत पुढचा पोरगा रांगेत असतो. मला सगळ्यात उपयोगी वाटली ती २००९ ची न्यूयॉर्क जेट्सची गोष्ट. नवखा मार्क सांचेझ बफेलोविरुद्ध एकाच सामन्यात पाच इंटरसेप्शन देऊन बसला. त्यानंतर प्रशिक्षक रेक्स रायन यांनी त्याच्यासाठी रंगांची पद्धत काढली, सिग्नलच्या दिव्यांसारखी: लाल म्हणजे धोका पत्करायचाच नाही, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे खेळ. सीझनमध्ये त्याचे एकूण २० इंटरसेप्शन झाले, तरी संघ सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, आधीच्या सामन्यापर्यंत पोचला. तिथे मॅनिंगच्याच कोल्ट्सने हरवलं. मी हे कोचना सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या मनगटपट्टीच्या कार्डावर तसे रंग आधीच होते.

लाल रंगाचा अर्थ मुलाला पचायला वेळ लागला. काहीच नसेल तर चेंडू बाहेर फेकून दे, किंवा पोटाशी धरून खाली बस आणि सॅक खा, म्हणजे चेंडूसकट मागेच पाडला जा. फेकून देण्याचा नियमही नीट समजावा लागतो. शालेय नियमांत पूर्वी मुद्दाम फेकलेला चेंडू दंडपात्रच होता. २०२२ पासून क्वार्टरबॅक मधल्या ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर निघाला असेल आणि चेंडू स्क्रिमेज रेषेपर्यंत (जिथून डाव सुरू झाला त्या रेषेपर्यंत) पोचला, तर चालतं. म्हणजे आधी बाजूला पळायचं, मग टाकायचं. पंधरा वर्षांच्या पोराला हे पळपुटेपणाचं वाटतं. तेव्हा मी माझं एकमेव अस्त्र काढलं: सिडनी, जानेवारी २००४. त्या मालिकेत सचिन ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर बाद होत होता, म्हणून त्याने कव्हर ड्राइव्ह चक्क बाजूला ठेवला आणि ४३६ चेंडू खेळून नाबाद २४१ केल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला मागून कुणी टॅकल करत नव्हतं." तरी क्लिप त्याने पूर्ण पाहिली, हे मी पाहिलं.

ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात तिसरा डाउन होता, आठ यार्ड हवे होते. डावीकडून खेळाडू मोकळा सुटला. मुलगा माझ्या बाजूला पळाला, दोन्ही हात चेंडूवर, बरगडीला चिकटलेला. आत एक रिसीव्हर अर्धवट मोकळा दिसत होता. पूर्वी त्याने तिथे घुसवलाच असता. त्याने मान वर केली, आणि चेंडू माझ्या डोक्यावरून सीमेबाहेर भिरकावला. स्टँडमधून "ओह" असा निराशेचा आवाज आला. कोच मात्र टाळ्या वाजवत होते. मी काठी घट्ट धरून डाउनच्या खांबाकडे बघत राहिलो, नियम म्हणजे नियम. पंट केला, म्हणजे लाथेने चेंडू लांब मारून समोरच्यांना दिला; त्यांना ऐंशी यार्ड चालत यावं लागलं, आणि ते आले नाहीत.

सीझन संपेपर्यंत चेंडू गमावणं अगदी तुरळक झालं. आता नवीनच तक्रार आहे. तो इतका जपून खेळायला लागलाय की मोकळा माणूसही त्याला लाल दिसतो. चेंडू धरून बसतो आणि सॅक होतो. हेही जगावेगळं नाही. २०२४ मध्ये शिकागो बेअर्सच्या नवख्या केलेब विल्यम्सने अख्ख्या सीझनमध्ये सहाच इंटरसेप्शन दिले, पण त्याला ६८ वेळा सॅक केलं गेलं.

म्हणून या उन्हाळ्यात उलटी शिकवणी चालू आहे. सेव्हन ऑन सेव्हनच्या, म्हणजे दोन्हीकडे सात-सात जणांच्या सरावात अंगावर कुणी येत नाही, फक्त साधारण चार सेकंदांचं घड्याळ असतं. कोचनी जाहीर केलंय की इथले इंटरसेप्शन ते मोजणार नाहीत. घड्याळ वाजेपर्यंत हातात राहिलेले चेंडू मोजणार, आणि दर चेंडूमागे पूर्ण संघाला पळायला लावणार. पहिल्या संध्याकाळी संघ बराच पळाला. घरी आल्यावर मुलगा बहिणीला म्हणाला, आता चेंडू उडवू नकोस, "फेक" म्हणून ओरड. ती तेही अतिशय मनापासून करते.