करुराच्या जंगलातली शिरगणती

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातला मुक्काम ठरल्याप्रमाणे पार पडला. सिंह दिसले, हत्ती दिसले, आणि त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहून ठेवलेले असल्यामुळे मी त्यात भर घालत नाही. मला लिहायचे आहे ते नैरोबी शहराच्या आत असलेल्या करुरा जंगलाविषयी, कारण तिथे झाडे आणि माकडे मोजणाऱ्या माणसांबरोबर फिरण्याची संधी मला मिळाली आणि त्या सकाळचा विचार अजून मनातून जात नाही.

करुरा १९३२ साली राखीव वन म्हणून जाहीर झाले. क्षेत्र सुमारे एक हजार हेक्टर, आणि सगळ्या बाजूंनी शहर. लिमुरू रोडवरची वाहनांची रांग मागे टाकून फाटकातून आत शिरलो आणि थोडे अंतर चालल्यावर हॉर्नचे आवाज विरळ होत गेले. आमच्याबरोबरच्या वनरक्षक बाईंनी सुरुवातीलाच बजावले, की बोलायचे तर हळू बोला आणि फांदीकडे बोट दाखवू नका, कारण हात वर गेला की माकडे पानांत शिरतात.

इथली काळी-पांढरी कोलोबस माकडे मागच्या दशकात किपिपिरी भागातून आणून सोडलेली आहेत; तिथे जंगल तुटत गेल्यामुळे ती शेतांत उतरत होती. प्रामुख्याने पाने खाणारे हे माकड जमिनीवर फारसे येत नाही, त्यामुळे ते मोजायचे म्हणजे मान वर करून तासन्‌तास उभे राहणे आले. बाईंनी युक्ती सांगितली: डोकी शोधू नका, शेपट्या मोजा. खरोखरच गर्द पानांखाली पांढऱ्या झुपक्यांच्या शेपट्या सरळ लोंबत होत्या. प्रत्येकाने आपापला आकडा मनात ठेवायचा, मग सगळ्यांचे आकडे पडताळायचे, आणि ते जुळेपर्यंत वहीत काही लिहायचे नाही, अशी तिथली शिस्त होती. आमचे आकडे पहिल्यांदा जुळले नाहीत. पुन्हा मोजणी सुरू असताना एका मादीने कूस बदलली आणि तिच्या पोटाशी बिलगलेले, संपूर्ण पांढरे पिल्लू दिसले. कोलोबसची पिल्ले जन्मतः पांढरीच असतात, हे मी वाचलेले होते. पण परक्या जंगलातून आणलेल्या कळपाने इथे संसार थाटल्याचा तो पुरावा डोळ्यांसमोर आला तेव्हा माझा कंठ दाटून आला. बाईंनी वहीत पिल्लांच्या रकान्यात एक रेघ ओढली.

त्यानंतर झाडांची पाळी आली. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाला फीत गुंडाळायची, आणि झाड उतारावर असेल तर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. मुहुगू नावाच्या झाडापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्याचे लाकूड जड आणि टिकाऊ, म्हणून कोरीवकाम करणाऱ्यांची त्याला मोठी मागणी, आणि वाढ मात्र अतिशय संथ; तोडलेल्या एका मुहुगूची भरपाई तोडणाऱ्याच्या हयातीत होत नाही.

इथे झाड मोजणे हे कागदी काम नाही, हे करुराचा इतिहास माहीत असला की कळते. १९९०च्या दशकात या जंगलाचे तुकडे खासगी बांधकामासाठी वाटून दिले गेले होते. केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई आणि त्यांनी उभ्या केलेल्या ग्रीन बेल्ट या वृक्षलागवडीच्या चळवळीतले सहकारी तिथे रोपे लावायला गेले, तेव्हा ८ जानेवारी १९९९ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि माथाईंचे डोके फुटले. त्यांना २००४ साली शांततेचे नोबेल मिळाले हे जगाला ठाऊक आहे. मला मात्र त्यांचे मोठेपण त्या उभ्या राहिलेल्या खोडांपाशी अधिक जाणवले. पुढे रहिवाशांची संघटना आणि केनियाचे वनखाते यांनी मिळून कुंपण घातले, पहारा बसवला, आणि एके काळी लुटारूंच्या भीतीने ओस असलेल्या वाटांवर आज बायका एकट्या धावायला येतात.

महाराष्ट्रातही १९७५च्या कायद्याने शहरांतल्या झाडांची दर पाच वर्षांनी गणना करणे बंधनकारक केलेले आहे. आमच्या भागातली शेवटची गणना कधी झाली, हे विचारल्यावर मला कधी सरळ उत्तर मिळालेले नाही, आणि करुरातून परतताना त्याची चीड आली.

करुरातल्या धबधब्यापाशी मात्र सहलीला आलेल्या लोकांचा गलका इतका होता, की मी तिथे रेंगाळलो नाही. परतीच्या वाटेवर बाईंनी घाणेरीचे रान दाखवले, आपल्या डोंगरांवर माजलेली तीच घाणेरी. निलगिरीसारखी परकी झाडे काढून तिथे देशी रोपे लावली जातात, पण सगळी एकदम तोडली तर उघड्या पडलेल्या जमिनीवर आधी घाणेरीच पसरते, म्हणून तोडणी थोडी थोडी करायची आणि रोपांभोवतीचे तण पहिली काही वर्षे हाताने उपटत राहायचे. त्या दिवशीही काही माणसे वाकून तेच काम करत होती.