दुखते कंबर, मग हातोडी गुडघ्यावर का?

कंबर किंवा मान दुखते म्हणून येणारे बहुतेक रुग्ण एमआरआयची पिशवी माझ्या टेबलावर ठेवतात आणि मी ती न उघडता हातोडी उचलली की विचारतात, "डॉक्टर, दुखते कमरेत, मग गुडघ्यावर का मारता?" तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रश्न विचारला आहे आणि तपासणीच्या गडबडीत त्याचे उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

गुडघ्याच्या वाटीखाली हलकी ठोकर बसली की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो, त्या ताणाची वर्दी नसेतून मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या परवानगीची वाट न पाहता तेथूनच आकुंचनाचा आदेश परत येऊन पाय उडतो. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी ही प्रतिक्षिप्त क्रिया स्वतंत्रपणे नोंदवली. तिचे मोल यात आहे की ती कोणाच्या इच्छेवर चालत नाही. दुखणे किती आहे हे रुग्णच सांगू शकतो आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. मात्र कोणती नस अडचणीत आहे हे त्यालाही ठाऊक नसते. गुडघ्याची उसळी मुख्यतः कमरेच्या चौथ्या नसेवर अवलंबून असते, घोट्याची त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या नसेवर, दंडाच्या पुढच्या स्नायूची मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि मागच्या स्नायूची सातव्या नसेवर.

यांतली घोट्याची तपासणी मला सर्वांत बोलकी वाटते. रुग्णाला खुर्चीवर पाठमोरे, गुडघे टेकवून आणि पावले कडेबाहेर मोकळी सोडून बसवले की टाचेमागच्या जाड शिरेवरील ठोकरीने उजवे पाऊल चटकन झटका देते. तेवढ्याच जोराची ठोकर डावीकडे दिली तर काही वेळा पाऊल जागचे हलत नाही, पोटरीत थरथरसुद्धा उमटत नाही. अशा वेळी मी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगतो, कारण त्यामुळे क्षीण झालेली क्रियाही अनेकदा वर येते. तरीही डावे पाऊल स्थिर राहिले आणि कळ कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून पावलाच्या करंगळीकडे उतरत असेल, तर मणक्यांमधल्या सर्वांत तळाच्या गादीने त्रिकास्थीची पहिली नस दाबली असावी, असा संशय बळावतो. दोन्ही बाजूंची क्रिया सारखीच मंद असेल, तर वय किंवा जुना मधुमेह हेही कारण असू शकते. म्हणून दोन बाजूंमधला फरक मी अधिक महत्त्वाचा मानतो.

एमआरआय मी नंतर पाहतो, कारण चित्रात दिसणारी प्रत्येक 'गॅप' दुखत नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. झिजलेली गादी आणि थंडावलेली क्रिया एकाच नसेकडे बोट दाखवतात तेव्हाच त्या चित्राला वजन येते.

मानेच्या बाबतीत हातोडी याहूनही मोठे काम करते. नस दबली तर क्रिया मंदावते; पण मानेत खुद्द मज्जारज्जू दबला तर त्याखालच्या क्रिया उलट तीव्र होतात, कारण वरून येणारा मेंदूचा लगाम सुटतो. सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, चालताना पायातली चप्पल निसटते, पायांत बळ वाटत नाही, अशी तक्रार घेऊन माणूस कमरेचा एमआरआय काढून येतो, त्यात फारसे काही सापडत नाही आणि येथे गुडघ्यावर जरा स्पर्श होताच पाय जोराने उसळतो. तळपायाच्या बाहेरच्या कडेने टोकदार वस्तू ओढल्यावर अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला गेला, म्हणजे १८९६ साली फ्रेंच वैद्य बाबिन्स्की यांनी वर्णन केलेले चिन्ह दिसले, तर मी त्या माणसाला तातडीने मानेचा एमआरआय करायला पाठवतो. मान अजिबात दुखत नसतानाही हे घडू शकते, आणि उशीर झाल्यास गेलेली ताकद शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परतेल याची खात्री नसते.

हातोडीलाही मर्यादा आहेत. कमरेची पाचवी नस वारंवार दबते, पण तिच्यासाठी भरवशाची अशी क्रिया नाही. तेथे पायाचा अंगठा माझ्या बोटाच्या विरोधात वर उचलायला सांगून ताकद पाहावी लागते. म्हणजेच सर्व क्रिया नीट आल्या तरी नस मोकळी आहे असे ठरत नाही.

एक गोष्ट मात्र दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता करावी. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. तेथेही घोट्यांवर हातोडी पडेलच. एरवी मात्र तपासणीला येताना पायजमा गुडघ्यावर सरकेल असा सैल घाला आणि मधुमेह असल्यास तो आधीच सांगा.