तलावावरचा हिरवा तवंग

आज दुपारी म्हशी मामा (माजी मालगुजारी) तलावावर नेल्या, तर काठाकाठानं हिरवा तवंग. नेहमीचं दोऱ्यादोऱ्यांचं शेवाळ नव्हे, ऑइलपेंटचा डबा सांडावा तसा. काडी बुडवली तर काडीवर रंग चढला! मोठेबाबा बांधावरून ओरडले, "अबे, म्हशीले नको पाजू ते पानी!" मग सगळ्या वळवून बोअरवर. अर्धा दिवस तिथंच गेला.

रात्री मोबाईलवर या तवंगाबद्दल शोधलं, तर विषारी शैवालाच्या गोष्टी निघाल्या. चिलीच्या अटाकामा वाळवंटात २०१०-११ मध्ये रस्ता रुंद करताना देवमाशांचे ४० हून जास्त सांगाडे निघाले होते. वय किमान ६० लाख वर्षं. बरेचसे पोट वर करून पडलेले, आणि तेही एकावर एक चार थरांत. म्हणजे हा घात चारदा झाला! २०१४ मध्ये संशोधकांनी संशय घेतला तो विषारी शैवालावर. जनावरं समुद्रातच मेली, लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली, वाळूखाली गाडली गेली. २०२० मध्ये बोत्सवानात ३०० वर हत्ती मेले, तेव्हाही पाणवठ्यातल्या अशाच विषावर बोट ठेवलं गेलं.

मोठेबाबांना देवमाशांचं सांगितलं. तंबाखू मळत म्हणाले, "त्यायले हाकलाले कोनी नव्हतं ना बाप्पा."